घुबडाने काय खाल्ले

१४ नोव्हेंबर १९९३, रविवार

प्राध्यापिकाबाईंनी दिलेली वही निळ्या पुठ्ठ्याची आहे आणि तिच्यात केवळ आकडे लिहायचे आहेत. आकड्यांत बसणार नाही ते मी या दुसऱ्या वहीत लिहीन. मला तोंडाने फारसे काही सांगता येत नाही. शाळेत बारा वर्षे पहिली आले, पण बक्षीस घेताना एकदाही दोन शब्द बोलले नाही. कागदापुढे मात्र मी अडत नाही.

दिदोंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली म्हणून मी विद्यापीठाचे एक सत्र सोडून घरी आले आहे. दिदो म्हणजे माझे आजोबा. तीन वर्षांपूर्वी माझे वडील गेले, तेव्हापासून या शेतावर ते आणि आई दोघेच असतात. मी जाणार हे कळल्यावर बाईंनी काम दिले. आमच्या जुन्या कोठाराच्या माळ्यावर दर हिवाळ्यात एक मोठे शृंगी घुबड वस्तीला येते. ते शिकार बहुधा सबंध गिळते. मांस पचते आणि उरलेले केस, हाडे, दात यांची करडी गोळी करून ते ओकून टाकते. मी त्या गोळ्या फेब्रुवारीअखेरपर्यंत गोळा करायच्या, कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने उकलायच्या, कवट्या मोजायच्या आणि हिवाळाभर त्या पक्ष्याने काय खाल्ले ते लिहायचे.

"म्हणजे एवढं शिकून आमची नात घुबडाची ओकारी निवडणार!" दिदो जेवताना म्हणाले. "मी साठ वर्षं गहू निवडला, मला नाही कुणी विद्यापीठात बोलावलं."

आई हसली नाही. "ते पातेलं माझं बोर्शचं आहे, ओरिस्या. त्यात ती घाण भिजवलीस तर तो बिटाचा रस्सा तुलाच वाढीन, त्याच पातेल्यातला."

मी रंगाचा जुना डबा घेतला.

२१ नोव्हेंबर

अकरा गोळ्या, एकतीस कवट्या. दात पाहिले की प्राणी ओळखता येतो. कुरणात राहणाऱ्या आखूड शेपटीच्या उंदराच्या दाढांवर नागमोडी रेघा असतात. कोठारांत शिरणाऱ्या पांढऱ्या पोटाच्या, मोठ्या कानांच्या उंदराच्या दाढांवर बारीक उंचवटे असतात. मी त्यांना आखूडशेपटे आणि पांढरपोटे म्हणते. आखूडशेपटे बावीस, पांढरपोटे सहा, ससे दोन, चिमणी एक.

दिदोंना भिंगातूनही दाढा दिसत नाहीत. तरी ते शेजारी बसून राहतात आणि प्रत्येक कवटीला नाव देतात. आजच्या सशाला त्यांनी गावच्या जुन्या पाद्र्याचे नाव दिले. "दात बघ की, अगदी तेच!"

५ डिसेंबर

मांडीइतके बर्फ पडले आहे. आकडे उलटले: नऊ गोळ्यांत आखूडशेपटे अवघे नऊ आणि पांढरपोटे सत्तावीस. कारण उघड आहे. कुरणातले उंदीर बर्फाखाली गेले, ते घुबडाच्या हाती लागत नाहीत. म्हणून ते आता घरच्या घरी, कोठारातच जेवते. मी वहीत 'अतिशय लक्षणीय' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

पण कोठारात इतके उंदीर आले कुठून? दिदो म्हणतात, यंदा कापणीत पाऊस आला, निम्मा गहू शेतातच लोळला, उंदरांनी मेजवानी केली आणि थंडी पडताच पिलावळीसकट इकडे आले. आज त्यांच्या हातमोज्यात लोकरीचे घरटे निघाले, आत चार गुलाबी पिले. "मला वाटलं माझंच बोट जादा झालं," असे सांगून त्यांनी आईला किंचाळायला लावले.

१२ डिसेंबर

आज संध्याकाळी पाच वाजता, आई दिवे लावत असताना, घुबड कोठाराच्या आढ्यावर बसून बोलले. लागोपाठ तिसरी संध्याकाळ. आईच्या हातातली काडी बोटापर्यंत जळली, तरी तिने ती टाकली नाही.

घुबड बोलते त्याचे आमच्या मूळ देशाच्या भाषेत दोन अर्थ आहेत. ते 'पोखोवाव' म्हणाले तर त्या घरातले कोणीतरी पुरले जाणार. 'सपोविव' म्हणाले तर बाळ जन्मणार आणि दुपट्यात गुंडाळले जाणार. आवाज एकच आहे. आपापल्या कानांप्रमाणे ज्याला जे ऐकू येईल ते.

"पोखोवाव म्हणतोय," आई म्हणाली. "तीन दिवस. रोमानच्या वेळीही तिकडच्या झाडांतून तीनच दिवस म्हणाला होता."

रोमान माझे वडील. कापणीच्या दिवसांत ट्रकमध्ये बसल्याजागी गेले.

"कान तपासून घे, स्तेफा," दिदो म्हणाले. "सपोविव म्हणतोय. आपल्या पंडितीणबाईंनी शहरात काय उद्योग केलेत ते त्याला कळलंय. पाळणा काढून ठेव."

"तातु! काहीतरी बोलू नका. पोरीसमोर!" सासरे असले तरी ती त्यांना तातु, म्हणजे बाबाच, म्हणते.

मला ठाऊक होते की डिसेंबरात ही घुबडे जोडीदाराला साद घालतात. पुस्तकात तसे स्पष्ट लिहिले आहे. मी ते सांगणार होते. वाक्यही मनात जुळवले. तोपर्यंत आई उठून देवापुढे मेणबत्ती लावायला गेली होती.

१३ डिसेंबर

दुपारी ठोकण्याचा आवाज आला म्हणून बाहेर गेले. उणे चोवीस अंशांत आई शिडीवर चढून माळ्याच्या उघड्या खिडकीवर पत्रा ठोकत होती. घुबड सकाळीच उडून शेताच्या कडेच्या सूचिपर्णी झाडांत गेले होते, तेवढी संधी तिने साधली.

"तुझं ते विद्यापीठाचं काम आता झाडाखाली कर," ती वरून म्हणाली. तिच्या तोंडात खिळे होते. "ह्या घरातून मी आणखी कुणाला नेऊ देणार नाही."

मी शिडी धरून उभी राहिले. 'आई, नको' एवढे दोन शब्द होते. मी शिडी धरली.

१७ डिसेंबर

बाईंचे पत्र आले! माझे नोव्हेंबरचे तक्ते त्यांनी वर्गात दाखवले. 'इतकी स्वच्छ नोंद मी दहा वर्षांत पाहिली नाही,' असे त्या लिहितात. मी ते वाक्य चौदा वेळा वाचले. सोबत सगळ्या विद्यार्थ्यांना पाठवतात तसा सर्वसाधारण सूचनांचा एक छापील कागद आहे: हातमोजे, साबण वगैरे. तो चौघडी करून या वहीत खुणेला ठेवला आहे. खिडकी बंद झाल्याचे बाईंना अजून कळवलेले नाही.

२८ डिसेंबर

पंधरा दिवसांत झाडाखाली एकच गोळी मिळाली, दगडासारखी गोठलेली. आत ससा. निळ्या वहीतली पाने कोरी राहत आहेत आणि मला बाईंची भीती वाटते.

कोठारात गेले की दुसरीच भीती वाटते. पूर्वी तिथे शांतता असे. आता दार उघडताच सगळीकडून सळसळ होते आणि क्षणात थांबते. आपण वर्गात उशिरा शिरल्यावर जसे सगळे गप्प होतात, तसे वाटते. पोत्यांवर, जुन्या खोगिरावर, दिदोंच्या हत्यारांवर काळ्या बारीक लेंड्या पडल्या आहेत. शहाजिरे सांडल्यासारख्या.

३ जानेवारी १९९४, सोमवार

गुरुवारी पवित्र संध्याकाळ, म्हणजे आमच्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळची आदली संध्याकाळ. त्या दिवशी टेबलाखाली पेंढा पसरायचा आणि कोपऱ्यात गव्हाची पेंढी उभी करायची. पूर्वज तिच्यात येऊन बसतात. यंत्राने कापलेल्या गव्हाचा भुगा होतो, त्याची पेंढी बांधता येत नाही. म्हणून दिदो दरवर्षी बांधावरचा एक पट्टा विळ्याने कापून ठेवतात. यंदा डोळ्यांमुळे ते जमले नाही. आई म्हणाली, दुकानातून कागदाची आणू.

दिदोंचा चेहरा पाहवेना. तेव्हा मीच म्हणाले, "गेल्या वर्षीच्या चार पेंढ्या माळ्यावर आहेत. मी पाहिल्या आहेत."

"ऐकलंस, स्तेफा? ही बोलली! आणि काय सोन्यासारखं बोलली!"

मी मनापासून बोललेले हिवाळ्यातले ते पहिलेच वाक्य असावे.

दिदो स्वतः माळ्यावर चढले. मला धुळीने धाप लागते म्हणून त्यांनी खालीच थांबवले. पेंढ्यांवर उंदरांनी घरटी केली होती. त्यांनी त्या झटकल्या, आपटल्या, मग सगळा माळा खराट्याने झाडला. पत्रा ठोकल्यामुळे वारा नव्हता. फटींतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यांत धूळ नुसती तरंगत राहिली, पिवळी, दाट, आणि तिच्यात दिदो कमरेपर्यंत दिसेनासे झाले. सात वेळा शिंकले. मी शिंका मोजल्या.

"तुझ्या घुबडाचं ताट किती वाढून ठेवलंय बघ इथं!" वरून त्यांचा आवाज आला. "जेवायलाच येत नाही तो!"

मी हसले.

७ जानेवारी

काल सगळे घर भरले होते. थोरली बहीण स्लाव्का तिच्या पाच वर्षांच्या मार्तुस्याला घेऊन आली. पहिली चांदणी मार्तुस्यालाच दिसली. माळ्यावरच्या तीन पेंढ्या सोडून टेबलाखाली पसरल्या होत्या. मग दिदो चौथी पेंढी खांद्यावर घेऊन दारातून आत आले, टोपी काढून म्हणाले, "ख्रिस्त जन्मला," आणि आम्ही म्हणालो, "त्याची स्तुती असो." मध, खसखस आणि शिजवलेला गहू यांची कुत्या त्यांनी चमचाभर घेऊन छताला फेकली. जितके दाणे चिकटतील तितके वर्ष चांगले. एकोणीस चिकटले. वडिलांसाठी मांडलेल्या रिकाम्या ताटाकडे आईने एकदाच पाहिले.

जेवण झाल्यावर मार्तुस्या टेबलाखाली शिरली. तिथे कोंबडीसारखे कोकलायचे, म्हणजे कोंबड्या वर्षभर अंडी देतात. दिदो पेंढ्यात अक्रोड फेकत होते.

"ह्या कोंबडीला आवाजच नाही! आणखी जोरात!"

"को को को! दिदो, अक्रोड सापडत नाही!"

"नाक खुपस की. कोंबडी नाकानं शोधते."

तिने नाक खुपसले. नंतर ती तिथेच पेंढ्यात झोपून गेली आणि कोणाला तिला उचलावेसे वाटले नाही.

१० जानेवारी

तीन दिवस झाले. आईने पेंढा गोळा करून अंगणात जाळला. घर एकदम ओकेबोके वाटते.

२४ जानेवारी

दिदोंना ताप आहे. सकाळी उठताना मांड्या आणि कंबर धरून बसले. "बर्फ काढलं ना परवा," म्हणतात. आईने लसूण चोळला, लिंडन झाडाच्या फुलांचा काढा दिला. संध्याकाळी झाडांतून घुबड बोलले. आईने रेडिओ मोठा केला.

२६ जानेवारी

तालुक्याच्या डॉक्टरांनी फ्लू सांगितला. सगळ्यांनाच झाला आहे, गोळ्या घ्या, झोपून राहा.

पण दिदोंना सर्दी नाही. नाक वाहत नाही, घसा दुखत नाही. हे मला विचित्र वाटले. मी डॉक्टरांना म्हणणार होते. ते दुसऱ्या रोग्याकडे वळले.

२७ जानेवारी

आज जे झाले ते क्रमाने लिहिते. 

सकाळी आठला दिदो उशांना टेकून बसले होते. आडवे झाले की गुदमरतात. मला दुसरे काही सुचले नाही म्हणून मी त्यांचे श्वास मोजू लागले. मिनिटाला चौतीस. पुन्हा मोजले, छत्तीस. लिहून ठेवायला जवळ काही नव्हते. म्हणून या वहीतला तो चौघडीचा कागद काढला आणि त्याच्या मागे ३४, ३६ असे लिहिले. शाई वाळावी म्हणून कागद हवेत हलवला, तेव्हा छापील बाजू समोर आली.

सहावी सूचना. मी ती जशीच्या तशी उतरवते.

'गेल्या वसंत ऋतूत अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात पांढऱ्या पोटाच्या उंदरांमुळे एक प्राणघातक आजार पसरला आहे. त्यांच्या वाळलेल्या लेंड्या व मूत्र यांची धूळ श्वासातून आत जाते. बंद कोठारे, माळे कदापि झाडू नयेत. आधी दारे-खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी, मग ओले करून पुसावे. एक ते सहा आठवड्यांनी ताप येतो, मांड्या व कंबर दुखते, सर्दी नसते. त्यानंतर श्वास लागल्यास तासांचाही विलंब करू नये.'

हा कागद सतरा डिसेंबरपासून माझ्या वहीत होता. मी त्यावर रोज हात ठेवला आहे.

आमच्या घरात फोन नेहमी आई करते. मी कधीच केलेला नाही, वाजला तरी आईला हाक मारते. मी फोन उचलला.

"कुणाला लावतेस?" आईने विचारले.

"डॉक्टरांना."

"अगं ते फ्लू म्हणाले ना! तू कोण ठरवणार?"

मी घुबडाच्या गोळ्यांपासून सुरुवात केली, पण डॉक्टर घाईत होते. "हे बघ मुली, मी माणसांचा डॉक्टर आहे. घुबडाच्या उलट्यांवरून रोग नाही ओळखत."

"साहेब, तुम्ही ऐका," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "नोव्हेंबरात एकतीस कवट्यांत पांढरपोटे सहा. पाच डिसेंबरला त्याहून थोड्या जास्त कवट्यांत सत्तावीस. तेरा डिसेंबरला खिडकी बंद केली. तीन जानेवारीला आजोबांनी बंद माळा झाडला. आज चोविसावा दिवस. सर्दी नाही. श्वास छत्तीस." मग सहावी सूचना पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली. वाचायला मला कधी अडचण येत नाही.

पलीकडे ते लिहून घेत होते. मग म्हणाले, "पुन्हा मोज."

"अडतीस."

"ठेव फोन. गाडी पाठवतो."

शहर एकशे चाळीस किलोमीटर. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी दिदोंना पांढऱ्या ब्लँकेटांत मानेपर्यंत गुंडाळले, वर पट्टे आवळले. मी शेजारी बसले. आईला जागा नव्हती. बर्फ इतके उडत होते की रस्ता आणि आकाश एकच झाले होते. अर्ध्या वाटेवर त्यांनी डोळे उघडले. स्वतःकडे पाहिले, आपल्या गुंडाळलेल्या हातापायांकडे, आणि तोंडावरचा प्राणवायूचा मास्क जरासा बाजूला करवून घेतला.

"बघ," ते म्हणाले. "सपोविव. मी म्हणत होतो ना."

३० जानेवारी

दिदो काल सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गेले. यंत्रावर होते. रक्त तपासणीला दूरच्या प्रयोगशाळेत पाठवले आहे. तीन आठवडे लागतील.

घरी आल्यावर आई म्हणाली, "तीन संध्याकाळी म्हणाला होता तो. तू मोजतेस ना सगळं? मग हेही मोज."

मी तिला कागदाबद्दल सांगितले नाही.

३ फेब्रुवारी

जमीन इतकी गोठली आहे की थडग्यासाठी दोन दिवस वर कोळसे पेटवून ठेवावे लागले. पुरले. आता तो शब्द मलाही ऐकू येतो, कोणी न बोलता.

पेंढा घरात सहा जानेवारीपासून दहापर्यंत होता. दहापासून सहा आठवडे, बेचाळीस दिवस, म्हणजे एकवीस फेब्रुवारी. आई त्याच्याच शेजारी जेवली. मी जेवले. स्लाव्का जेवली. मार्तुस्याने नाक खुपसले. निळ्या वहीच्या मागच्या पानावर मी चार स्तंभ आखले आहेत आणि रोज चार खुणा करते. स्लाव्काला सगळे सांगितले. फोन तसाच ठेवून ती मार्तुस्याकडे पाहून आली. मग म्हणाली, "आईला नको सांगूस. पत्रा तिनंच ठोकलाय."

९ फेब्रुवारी

मार्तुस्याला ताप. एकशे तीन.

स्लाव्का फोनवर रडत होती. मी म्हणाले, "तिच्या छातीवर हात ठेव आणि मोज. मी इथं घड्याळ धरते." आम्ही दोघींनी मोजले. अठ्ठावीस. पाच वर्षांच्या मुलाला तापात इतके होतात का? माझ्याकडे तसे पुस्तक नाही.

"नाक वाहतंय का?"

"काय?"

"नाक, स्लाव्का, नाक!"

"वाहतंय. सगळी उशी भरलीय."

मी जमिनीवर बसले. पलीकडून मार्तुस्याचा चिडका आवाज आला, "तेता ओरिस्याला सांग, माझा कान दुखतोय, नाक नाही." तिच्या तोंडून तेता, मावशी, हा शब्द ऐकून मला हुंदका आवरेना.

तरीही डॉक्टरांकडे नेले. आता तेच डॉक्टर माझा फोन ताबडतोब घेतात. कान सुजला आहे, छाती स्वच्छ आहे. खूण केली, पण पेन्सिलीने.

२१ फेब्रुवारी

चारही स्तंभ पूर्ण. शेवटच्या खुणा शाईने केल्या. आनंद झाला असे लिहिता येत नाही. दिदोंचा, पाचवा स्तंभ मी आखलाच नव्हता.

२३ फेब्रुवारी

काल तपासणीचा निकाल आला. डॉक्टरांचा फोन मी घरात नसताना आला आणि आईने घेतला. त्यांनी तिला सर्व सांगितले: उंदीर, धूळ, माळा. कोठार उघडे टाका, म्हणाले.

आज दुपारी तिने टेबल पुसले, दोनदा पुसले, आणि म्हणाली, "ती निळी वही आण. वाच मला."

मी वाचले. नोव्हेंबर. पाच डिसेंबर.

"तेरा डिसेंबरनंतर?"

"एक गोळी. ससा."

"आणि उंदीर?"

"एकट्या घुबडानं काय होणार होतं, आई. शेकडो होते तिथं." हे खरेच आहे. तरी ते सांगताना मी तिच्याकडे पाहिले नाही.

"मी ते नाही विचारलं. तुला मोजता येतं. पत्रा ठोकल्यापासून तातु माळ्यावर चढले तोपर्यंत त्यानं किती खाल्ले असते?"

एकवीस दिवस. दिवसाला साधारण एक गोळी. नऊ गोळ्यांत सत्तावीस. मी डोक्यात हिशेब केला, आणि प्रथमच मला वाटले की उत्तर येऊ नये.

"साठएक," मी म्हणाले.

ती टेबलावरच्या कापडाची सुरकुती अंगठ्याने सपाट करत राहिली. तेव्हा मी या वहीतून तो कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"हा माझ्याकडे सतरा डिसेंबरपासून होता. मी वाचला नाही. मी, आई. आणि पेंढ्या माळ्यावर आहेत हेही मीच सांगितलं."

इंग्रजी वाचताना तिचे ओठ हलतात. सहाव्या सूचनेवर ते हलायचे थांबले, पुन्हा मागे गेले, पुन्हा सुरू झाले. मागे लिहिलेले ३४, ३६ तिने पाहिले. मग जुन्याच घड्यांवर कागद दुमडून माझ्या हातात दिला. आम्ही दोघी छताकडे पाहत होतो. कुत्याचे दाणे अजून तिथेच आहेत, सुकून काळपट झालेले.

"गाडीत काही बोलले का ते?" तिने विचारले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मी सांगितले.

तिचे तोंड वेडेवाकडे झाले. मला वाटले रडते आहे. पण तिला हसू येत होते, आणि मग दोन्ही आले. "मरतानासुद्धा मलाच खोटं पाडायचं होतं म्हाताऱ्याला," ती म्हणाली. उठली. "हातोडी कुठंय? आणि आधी दारं उघड. तासभर. तसं लिहिलंय ना त्यात?"

आम्ही तासभर अंगणात उभ्या राहिलो. मग तिने दिदोंचा मफलर ओला करून नाकातोंडाला बांधला आणि शिडीवर चढली. मी शिडी धरली. खिळे गंजले नव्हते. एकेक निघताना किंचाळत होता. पत्रा खाली बर्फात पडला, तेव्हा आतून सळसळ झाली आणि थांबली.

२६ फेब्रुवारी

काल संध्याकाळी घुबड आढ्यावर बोलले. आई दिवे लावत होती. काडी विझवून ती थोडा वेळ ऐकत राहिली. काय म्हणाले ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

सकाळी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून, नाकाला फडके बांधून खिडकीखाली गेले. बर्फावर एक गोळी होती, अजून ओली. घरी येऊन रंगाचा डबा शोधू लागले, तर आईने बोर्शचे पातेले माझ्यापुढे सरकवले. "हे आता तुझं. मला दुसरं आणता येईल."

गोळी भिजायला दोन तास लागले. आई चुलीकडे तोंड करून बटाटे सोलत होती.

"किती?" तिने न वळता विचारले.

मी भिंग ठेवले. दाढांवर नागमोडी रेघा नव्हत्या. बारीक उंचवटे होते, चारही कवट्यांत.

"चार," मी मोठ्याने म्हणाले.